मांडवासाठी राखून ठेवलेले दात

चामटोलीच्या बनूबाईचा स्वभावच असा, की घरात नवी वस्तू आली की ती आधी पेटीत जायची. नवं लुगडं पेटीत, सुनेनं हौसेनं आणलेली चादर पेटीत, आणि लेकानं घेतलेली शाल तर दोन हिवाळे पेटीतच पडून होती. "चांगल्या दिवसाला काढू," हे तिचं ठरलेलं उत्तर. लुगड्याचं नि शालीचं ठीक आहे, त्यांचं पेटीत काय बिघडतं? पण माणसानं दातांच्या बाबतीतही तेच करावं, आणि तेही बनूबाईसारख्या शहाण्या बाईनं, याला काय म्हणावं? म्हणून तरी आता काय उपयोग, व्हायचं ते होऊन गेलं.

बनूबाई धवलारीण. धवलारीण म्हणजे काय ते आगरी माणसाला सांगावं लागत नाही, बाकीच्यांना सांगायला हवं. भटजी मंत्र म्हणतो ते मुहूर्ताचे. पण त्याच्या आधी मांडवात देव येतात ते धवलारणीच्या गळ्यातून. मांडवाचा खांब रोवण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, आणि त्या गाण्याला म्हणायचं धवला. नवरीला हळद लावायच्या आधी ती गणपतीला बोलावते, एकवीरेला बोलावते, गावदेवीला बोलावते, आणि देव येऊन बसले की त्या घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते. एकेकाचं नाव घेऊन. आजा, पणजी, लहानपणीच गेलेला काका, कुणालाही वगळायचं नाही. ज्याचं नाव घेतलं तो मांडवात येऊन बसतो आणि ज्याचं राहिलं तो वेशीवरच उभा राहतो, अशी समजूत. दुसऱ्या कुणी नाव घेतलं तर ते नुसतं नाव घेणं झालं, बोलावणं नव्हे. तो मान धवलारणीचाच.

बनूबाईनं हा मान सासूकडून घेतला आणि चामटोलीपासून बदलापूर गावापर्यंत, इकडे वांगणीच्या पाड्यांपर्यंत मिरवला. तिची जोडीदारीण होती तुळशी. दोघी माहेरच्या एकाच आळीतल्या, एक चामटोलीत दिलेली, दुसरी, तुळशी, बदलापूर गावातल्या रघूला. बनूबाईनं ओळ टाकायची, तुळशीनं उचलायची. दोघींचा आवाज एकत्र लागला की मांडवातल्या बायका हातातलं काम टाकून बसायच्या. जेवायलाही त्या एकाच पानावर बसत, आणि तुळशीच्या वाटणीची वडी बहुतेक वेळा बनूबाईच्या पोटात जाई.

तुळशी पोटाच्या दुखण्यानं गेली. तिची एकुलती एक लेक तेजल तेव्हा कॉलेजात होती. शेवटच्या दिवसांत बनूबाई रोज तिच्या उशाशी जाऊन बसायची. एका दुपारी तुळशीनं तिचा हात धरला.

"बनू, माझे पोरीचे हलदीला मना हाक मार. तूच मार."

"मारेन गो. पन तू अशी काय बोलतंस?"

"आनि जरा खनखनीत मार," तुळशी हसली. "मना लांबशी यायचं हाय."

बनूबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, मारेन. तेजल दाराशी औषधाची वाटी घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं होतं.

तेव्हा बनूबाईच्या तोंडात बरेचसे दात होते. पण सकाळ-दुपार-संध्याकाळ मशेरी लावायची सवय. दात तरी किती वर्षं तग धरणार? एक हलला, दुसरा पडला, तिसऱ्यानं दोघांचा कित्ता गिरवला. तिला स्वतःला त्याचं काही वाटत नव्हतं. भाकरी कालवणात कुस्करायची आणि गिळायची, त्यात काय मोठंसं? पण गाण्यातली अक्षरं निसटायला लागली. गेल्या साली वांगणीकडच्या एका हळदीला ती देवांना बोलावत होती, तेव्हा मागच्या बाजूला बसलेली पोरं एकमेकांना विचारत होती, "ये आजी कौनसी भाषा में गा रही है रे?" बनूबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. घरी येऊन मात्र ती जेवली नाही.

मार्गशीर्षात तेजलचा साखरपुडा झाला, लग्न वैशाखात ठरलं. दुसऱ्याच दिवशी बनूबाईनं लेकाला, महेशला, सांगितलं, "मना दात बसव."

महेश अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला. त्याच्या कंपनीतल्या कुणीतरी उल्हासनगरच्या एका डॉक्टरांचं नाव सुचवलं. कॅम्प चारमधल्या त्या दवाखान्यात सिंधी बायका-पुरुषांची ही गर्दी. पण डॉक्टर वासवानी माणूस निवांत. त्यांनी उरलेले हलते दात काढले, हिरड्या भरून यायला वेळ दिला, मग तोंडात मऊ लगदा भरून माप घेतलं. होळीच्या आधी कवळी तयार झाली, वरची नि खालची. डॉक्टरांनी ती बसवली आणि बनूबाईच्या हातात आरसा दिला.

बनूबाई आरशात बघतच राहिली. गालांचे खड्डे भरले होते. ओठ आपल्या जागी आले होते. आपल्याला तुळशीनं शेवटचं पाहिलं तेव्हा आपण अशाच दिसत होतो, असं तिच्या मनात आलं आणि तिनं आरसा पटकन महेशकडे दिला.

"अम्मा, आता ऐका," डॉक्टर म्हणाले. त्यांचं मराठी हिंदीत मिसळलेलं, पण कळायला सोपं. "ही कवळी म्हणजे नवी बहू आहे. घरात रुळायला टाइम लागतो. दिवसा घालायची, रात्री काढून पाण्यात ठेवायची. सुकी ठेवायची नाही. पहिले मऊ खा, छोटा घास, दोन्ही बाजूंनी चावा. बोचेल, लाळ सुटेल, घाबरायचं नाही. जिथे बोचेल तिथे मी घासून देणार. पुढच्या हफ्त्यात यायचं म्हणजे यायचं. आणि बोलायचं खूप. पेपर जोरात वाचा."

"मना वाचता नाय येत," बनूबाई म्हणाली. तिचं तिलाच बोलणं शिट्टी घातल्यासारखं वाटलं.

"डॉक्टर, आई गाते," महेशनं सांगितलं. "आमच्यात लग्नात गातात ना, ते."

"फिर तो बढिया. अम्मा, रोज गायचं. सकाळ-संध्याकाळ."

बनूबाईनं मान डोलावली, पण मनात ती चरकली होती. मांडव नाही, नवरी नाही, आणि धवला गायचा? तिच्या सासूनं हे कधी चालवून घेतलं नसतं. उगाच बोलावलं आणि देव येऊन उभे राहिले, तर त्यांना बसायला काय द्यायचं, चुलीपुढचा पाट? सासूनं तिला शिकवलं तेही मांडवात स्वतःच्या मागे बसवून. मांडवाबाहेर धवल्याचं अक्षर तोंडातून काढायचं नाही, हा नेम. डॉक्टरला काय कळणार आमच्यातलं, असं म्हणून तिनं तो सल्ला दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिला.

कवळीचा पहिला दिवस कुणाचाच सुखाचा जात नाही, तसा तिचाही गेला नाही. तोंडात कुणी परका पाहुणा पाय पसरून बसल्यासारखं वाटत होतं. लाळ थांबेना. भात खाल्ला तर शितं कवळीखाली जाऊन टोचायची. दुसऱ्या दिवशी डाव्या हिरडीला फोड आला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं कवळी धुतली, फडक्यानं कोरडी केली, मऊ सुती तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घातली आणि डबा पेटीत ठेवला, हळदीला नेसायच्या लुगड्यावर.

सून सुषमा हे सगळं बघत होती. "आई, डॉक्टर पाण्यात ठेवायला बोललेत ना?"

"पान्यात ठेवून शेवाल धरल. हलदीला काढीन. नवेच्या नवे."

"अहो, पण सवय नको का व्हायला?"

"लुगड्याची सवय करतंय का कोनी? त्या दिवशी नेसायचं, झालं."

सुषमानं महेशला सांगितलं. महेशनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग त्याची रात्रपाळी लागली आणि त्याचंही विचारणं राहून गेलं. खरं कारण बनूबाईनं कुणालाच सांगितलं नाही. बोचत होतं, आणि बोचतंय म्हणून डॉक्टरांकडे परत जायची तिला लाज वाटत होती. जन्मात ती कुठली वस्तू घेऊन दुकानदाराकडे परत गेली नव्हती. नवी चप्पल चावते म्हणून कुणी चांभाराच्या दारात जाऊन रडतं का? सणाला घालायची, चावली तर चावली, सण गेला की फोडाला तेल लावायचं. तेच इथे करू, एवढा एक दिवस दात-ओठ आवळून काढू, असा तिचा हिशोब. आणि आत कुठेतरी भीतीही होती. घालून गायला गेलो आणि जमलं नाही तर? त्यापेक्षा न घातलेले बरे. न घातलेल्या दातांनी सगळं जमतं असं मानता तरी येतं.

चैत्रात तेजल पत्रिका घेऊन आली. "मावशी, दात आणलेस म्हणे. घाल ना, बघू तरी."

"हलदीला बघशील."

"आईचं लक्षात आहे ना?" तेजलनं हळूच विचारलं.

"तवर काय इसरेन काय गो मी?" बनूबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं. विसरली ती नव्हतीच. रोज झोपायच्या आधी ती मनातल्या मनात नावांची उजळणी करत होती. रघूचा आजा, रघूची आई, तुळशीचा धाकटा दीर, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठ्यानं, तुळशी. मनात ते नाव दरवेळी खणखणीत उमटायचं.

हळदीचा दिवस उजाडला. बदलापूर गावात रघूच्या दारापुढे मांडव घातला होता, आणि मांडवाच्या एका अंगाला डीजेचे खोके माणसाच्या डोक्यावर जाईल इतके रचले होते. आगरी हळदीला डीजे नसेल तर पोरं जेवायला बसत नाहीत. त्याचा कारभार तेजलच्या चुलतभावाकडे, विनीतकडे. पोरगा चांगला, सकाळपासून पाण्याचे जार उचलत होता.

चामटोलीहून निघायच्या आधी बनूबाईनं लुगडं नेसलं आणि डबा उघडला. खालची कवळी कशीबशी बसली. वरची बसेना. आधी जिथे बोचत होती तिथे आता पोकळी होती, आणि जिथे नीट होती तिथे घासत होती. तिनं अंगठ्यानं दाबली. ती बसली, पण तोंड उघडलं की सुटायची.

"आई, मेडिकलमधून चिकटवायचं काहीतरी मिळतं, महेशला पाठवू का?" सुषमानं विचारलं.

"रिक्षा उबी हाय. बसंल ती. तोंडाची ऊब लागली की बसंल."

दुपार कलली तशी तेजलला पाटावर आणून बसवली. पिवळी साडी, डोक्यावर पदर, गळ्यात आईची पुतळ्यांची माळ. बायका गोल करून बसल्या. बनूबाई पाटाजवळ बसली आणि तिनं तांदळाची मूठ हातात घेतली. तुळशीची ओळ उचलायला आता दुसरी एक बाई असायची, तीही मागे सरसावून बसली.

या रे या गणराया, मांडवी या,
हलदीचे पाटाला बसाया या.

गणपती निभावला. एकवीरेच्या नावाला वरची कवळी सुटून खालच्यावर आपटली, टक्. पुढच्या ओळीला परत, टक्. प्रत्येक ओळीत कुठे टकटक, कुठे शिट्टी. समोरच्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. बनूबाईनं जिभेनं कवळी वर दाबून धरली. पण जीभ कवळी धरणार की शब्द म्हणणार? गावदेवीला हाक घालताना ती निसटली आणि सरळ तिच्या ओटीत पडली.

मांडवात कुणी मोठ्यानं हसलं नाही, हे त्या माणसांचं भलेपण. बनूबाईनं पाठ वळवून कवळी परत घातली. ती परत निसटली. मग तिनं दोन्ही काढल्या, पदरात घट्ट धरल्या आणि बोळक्या तोंडानंच पुढे गायला सुरुवात केली. तिच्या गळ्यात अजून जोर होता, पण शब्द ओठांपाशी येऊन हवेत विरघळत होते. रघूच्या आजाचं नाव झालं. आईचं झालं. धाकट्या दिराचं झालं. कुणाला किती कळलं देव जाणे. एव्हाना नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन आलेली माणसं दारात ताटकळत उभी होती आणि रघू बिचारा एकदा त्यांच्याकडे, एकदा बनूबाईकडे बघत होता.

आता एकच नाव राहिलं होतं. ते तरी नीट घ्यावं म्हणून बनूबाई थांबली. तिनं डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

विनीतला वाटलं, आजीचं गाणं आटपलं. त्यानं हात वर केला आणि डीजे सुरू झाला.

मांडवाचे बांबू हादरले. पोरं ओरडत आत घुसली, बायकांनी हळदीच्या वाट्या उचलल्या, दारातली माणसं आत आली. त्या गदारोळात बनूबाईनं नाव घेतलं. तिचं तिलाही ऐकू आलं नाही. तिनं डोळे उघडले, तेव्हा तेजल तिच्याकडे बघत होती. तेजलनं भुवया उंचावून नुसतं विचारलं, झालं का? बनूबाईची मान ना होकारार्थी हलली ना नकारार्थी. तेवढ्यात कुणाचे तरी हळदीचे हात तेजलच्या गालांना लागले.

एके काळी याच बनूबाईनं सोनिवलीच्या एका लग्नात बँडवाल्याचा ताशा हातानं धरून थांबवला होता. "माझे देव बसले नाय अजून," असं सगळ्या वऱ्हाडाला ठणकावून सांगितलं होतं. तेजलच्या हळदीलाही ती उठली असती, विनीतला हाक मारली असती, तर त्यानं एका क्षणात डीजे बंद केला असता. नाही म्हणणारं पोरगं नव्हतं ते. पण तोंड बोळकं, दात पदरात, आणि एवढ्या लोकांत उभं राहून ओरडायचं? तिला लाज वाटली. त्या लाजेपायी ती बसून राहिली. पुढे कित्येक महिने तिला खात राहिली ती ही एक गोष्ट. दात निसटले त्याला ती दैव म्हणू शकली असती. आपण उठलो नाही त्याला काय म्हणणार?

रघू नंतर जवळ येऊन म्हणाला, "असू दे बनूबाय. तिला कललं असंल." बनूबाईला त्यातून काडीचंही समाधान मिळालं नाही. खणखणीत हाक मार असं बजावून गेलेल्या बाईला न मारलेली हाक कशी कळणार?

लग्न पार पडलं, तेजल अंबरनाथ पश्चिमेला सासरी गेली. आणि बनूबाई, कुणी न सांगता, सुषमाला घेऊन उल्हासनगरला डॉक्टरांकडे गेली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. डॉक्टरांनी कवळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"अम्मा, किती दिवस घातली?"

सुषमानं सगळं सांगितलं, पेटी, लुगडं, हळद, सगळं. डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"दात काढल्यावर हिरडी बसत जाते, अम्मा. तिचा आकार बदलतो. कवळी तोंडात राहिली असती तर बोचलं असतं, मी घासलं असतं, कुठे भरलं असतं, दोघं मिळून राहिले असते. तुम्ही एकीला पेटीत ठेवलं, वरून सुकवलं. दुसरी इकडे बदलून गेली." मग त्यांनी विचारलं, "गायला सांगितलं होतं ना मी?"

"ते मांडवाशिवाय गात नाय," बनूबाई म्हणाली.

"मग दुसरं गायचं. तुम्हाला काय एकच गाणं येतं?"

बनूबाईला पाळणे येत होते, बारशाची गाणी येत होती, गौरीची येत होती, मंदिरातली भजनं येत होती. पोतंभर गाणी पाठ असलेली बाई ती. नेम धवल्याचा होता, पाळण्याचा नव्हता. एखादा पाळणा रोज म्हटला असता तरी जीभ वळणाला लागली असती. एवढी साधी गोष्ट, आणि ती तिच्या डोक्यात आलीच नव्हती. परतीच्या रिक्षात तिनं सुषमाला विचारलं, "तुना तरी सुचाया नको का?" आणि लगेच म्हणाली, "तुझा काय दोष? तू सांगत होतीस."

डॉक्टरांनी कवळीला आतून नवा थर भरून दिला. या वेळी बनूबाईनं ती पेटीत ठेवली नाही. सकाळी तोंड धुतलं की कवळी घालायची, रात्री काढून पाण्याच्या वाटीत. मशेरी तिनं सोडली. सुटायला त्रास झाला, पण सोडली. पहिले दिवस नाचणीची आंबील आणि मऊ भात. मग वरण, मग कुस्करलेली भाकरी, मग नुसती भाकरी. बोचलं की दुसऱ्या दिवशी उल्हासनगर. लाजबीज काही नाही. डॉक्टर घासून देत, ती घालून बघे आणि नको तिथे तोंडावर सांगे, "अजून बोचतंय. अजून घास." घरात दिवसभर तिचा आवाज. भांडी घासताना पाळणा, तांदूळ निवडताना गौरीचं गाणं. शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, म्हातारीला काय झालंय काय? सुषमा म्हणाली, गाऊ द्या.

गौरी-गणपतीपर्यंत कवळी तोंडात आहे हे ती विसरायला लागली. नवरात्रात तिनं सोललेला ऊस चावून खाल्ला. आवाज पूर्वीसारखा लागत होता आणि अक्षर न् अक्षर जागच्या जागी पडत होतं. मंदिरात एक भजन तिनं एकटीनं म्हटलं तेव्हा पुजाऱ्यानं मागे वळून बघितलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही. जे तेव्हा हवं होतं ते आता तोंडात होतं. दात होते तेव्हा चणे नव्हते म्हणतात. तिच्या नशिबात चणे होते तेव्हा दात पेटीत होते, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं ठेवले होते. याचं दुःख कुणापुढे रडण्यासारखंही नव्हतं.

तेजलचा मधूनमधून फोन यायचा. चौकशी करायची, बरी आहेस ना विचारायची. हळदीचा विषय तिनं कधी काढला नाही, बनूबाईनंही काढला नाही.

दिवाळसणाला तेजल बदलापूरला माहेरी आली आणि भाऊबीजेच्या सकाळी एकटीच चामटोलीला येऊन गेली. बनूबाईनं आदल्या दिवशीच सगळं ठरवून ठेवलं होतं. दाराला तिनं आंब्याचा टहाळा बांधला होता, घराच्या एका कोपऱ्यात चार बांबूच्या काड्या उभ्या करून वर एक स्वच्छ धोतर ताणलं होतं, खाली पाट मांडला होता. नेम मोडायचा तर नव्हता. मग मांडवच उभा केला. एवढासा असला म्हणून काय झालं, मांडव तो मांडव. सासूनं वरून शिव्या दिल्या असत्या तर त्याही तिनं ऐकून घेतल्या असत्या.

तेजल चहा प्यायली, करंजी खाल्ली. "मावशी, किती छान दिसतेस गं आता. आणि बोलणं किती क्लिअर झालंय तुझं."

बनूबाईनं तिच्यापुढे चकल्या ठेवल्या, स्वतः एक घेऊन मोडली आणि चावून दाखवली. तेजल हसली. मग तिची नजर कोपऱ्यातल्या त्या धोतराच्या मांडवाकडे गेली.

"हे काय केलंयस?"

"तुझेसाठी." बनूबाईनं चकली खाली ठेवली. कितीतरी महिने मनात घोळवलेलं ती आता बोलत होती, आणि एकही शब्द अडखळत नव्हता. "तेजल, त्या दिवशी तुझे आयशीला मी हाक नाय मारली. डीजे लागला, आनि मी उठलू नाय. मना लाज वाटली. ते माझंच चुकलं. दात पेटीत ठेवले तेही माझंच चुकलं. आता सगलं जमतंय मना. तू पाटावर बस. मी पहिल्यापासून गाते. तिला बोलावते."

तेजलनं बोटांना लागलेलं तेल रुमालाला पुसलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बनूबाईनं तिचे पाय धरले असते.

"मला माहीत होतं, मावशी," ती म्हणाली. "मी मोजत होते ना नावं. आजीचं आलं, काकांचं आलं, मग आईचं येणार म्हणून मी मान वर केली होती."

"मनूनच बोलतंय पोरी. बस तू."

"नको गं. राहू दे." तेजलनं तिच्या हातावर हात ठेवला. "आईला मला हळद लागताना बघायचं होतं. आता तिला बोलावून काय दाखवायचं?"

बनूबाईनं मान हलवली. तेजल उठली, कप आत नेऊन ठेवला, सुषमाशी दोन शब्द बोलली आणि खाली वाकून पाया पडली. रिक्षा वळेपर्यंत बनूबाई दारात उभी होती. तोंडात कवळी अगदी नीट बसली होती, कुठेही बोचत नव्हती.